पाणीपट्टी अचानक भरमसाट आली तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या किनारपट्टीवर राहणाऱ्या, किंवा घर गावी आणि नोकरी मुंबईत असणाऱ्या लोकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. नेहमी अडीचशे-तीनशेच्या घरात असणारं बिल एकदम चार-पाच हजारांचं आलं की माणूस घाबरतो, चिडतो आणि तडक ऑफिसात जाऊन भांडतो. भांडून झाल्यावर हातात काहीच नसतं, कारण खिडकीतला माणूस संगणकावरचा आकडा दाखवतो आणि विषय संपतो. खालच्या बहुतेक उत्तरांतून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे: रकमेवर वाद घालू नका, रीडिंगवर घाला. रक्कम हा गुणाकार आहे. चूक असली तर ती गुणाकाराच्या आधी झालेली असते.

बिल हातात पडल्यावर सर्वांत आधी काय करायचं?

मीटरपाशी जायचं. आपल्याकडे मीटर बहुधा गडग्याच्या कडेला, चिऱ्यांच्या छोट्याशा चौकोनात बसवलेला असतो आणि वर्षातून एकदाही त्याचं झाकण कोणी उघडत नाही. पावसाळ्यानंतर आत चिखल साचलेला असतो, मुंग्यांनी घर केलेलं असतं, काचेच्या आतल्या बाजूला बाष्प धरलेलं असतं. ओल्या फडक्याने काच पुसा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि दोन फोटो काढा: एक आकड्यांचा आणि एक मीटरच्या अंगावर कोरलेल्या नंबराचा.

काळे आकडे म्हणजे घनमीटर. एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर, आणि बिलावरचं एक युनिट बहुतेक ठिकाणी हेच असतं. लाल आकडे किंवा छोट्या तबकड्यांवरचे लाल काटे हे त्याखालचे लिटर दाखवतात, ते बिलात धरायचे नसतात. आता बिलावरचं ‘मागील वाचन’ आणि ‘चालू वाचन’ शोधा. आज तुमचा मीटर बिलावरच्या चालू वाचनापेक्षा कमी आकडा दाखवत असेल, तर प्रश्न तिथेच मिटला. मीटर उलटा फिरत नाही. म्हणजे वाचन तरी चुकलं आहे किंवा ते दुसऱ्याच घराचं आहे. बिलावरचा मीटर नंबर तुमच्या मीटरशी जुळतो का, तेही याच वेळी बघा. वाडीत एकाच आडनावाची आठ घरं असली की असे घोळ होतात.

482 चे 842 होणं ही नेहमीची चूक. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पहिला लाल आकडा काळ्यांबरोबर वाचला जाणं. तसं झालं की चालू वाचन एकदम दहापट होतं आणि वापर अवाच्या सवा दिसतो. चालू वाचन मागील वाचनाच्या दहापटीच्या आसपास असेल तर ही शंका आधी घ्या.

आकडा जुळतोय. पण इतकं पाणी आम्ही वापरलंच नाही. मग?

आधी हिशेब मांडून बघा. शहरी पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना माणशी दिवसाला 135 लिटर धरतात आणि जलजीवन मिशनमध्ये गावासाठी माणशी 55 लिटर. पाच माणसांचं कुटुंब 135 लिटरच्या हिशेबाने महिन्याला साधारण 20 युनिट वापरेल आणि 55 लिटरच्या हिशेबाने जेमतेम 8. दोन महिन्यांच्या बिलात 40-45 युनिट दिसले तर ते जास्त असले तरी अशक्य नाहीत. 150 दिसले तर मात्र कुठेतरी पाणी मुरतंय, किंवा आकडा चुकलाय.

एप्रिल-मेचं बिल असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात विहिरींचा तळ दिसतो. एरवी आंघोळ, धुणीभांडी, माडा-पोफळींचं शिंपणं विहिरीवर चालतं. विहीर आटली की सगळा भार नळावर येतो, त्यात मुंबईची मंडळी मुलाबाळांसह आलेली असतात. असं बिल खरं असू शकतं. मागच्या वर्षीच्या मेचं बिल काढून शेजारी ठेवा. जानेवारीच्या बिलाशी तुलना करून उपयोग नाही.

गळती आहे की नाही, हे घरच्या घरी कसं तपासायचं?

पुस्तकात लिहिलेली पद्धत अशी की सगळे नळ बंद करा आणि मीटर फिरतो का बघा. चोवीस तास पाणी असणाऱ्या शहरात ते ठीक आहे. आपल्याकडे पाणी तास-दोन तास येतं, उन्हाळ्यात एक दिवसाआड. पाणी नसताना मीटर बघितलात तर तो थांबलेलाच दिसणार. म्हणून तपासणी दोन भागांत करावी लागते.

पहिला भाग मीटरपासून टाकीपर्यंतचा. पाणी सुटलेलं असताना टाकी काठोकाठ भरू द्या, बॉलकॉक (टाकी भरली की पाणी अडवणारा तरंगता गोळा) बंद झाला की थेट लाईनवरचे अंगणातले, मोरीतले नळ बंद करा आणि मग मीटरवरचं छोटं चक्र बघा. काहींवर ते त्रिकोणी असतं, काहींवर चांदणीसारखं. सगळं बंद असतानाही ते हळूहळू सरकत असेल तर या टप्प्यात गळती आहे. नाहीतर बॉलकॉक नीट बसत नाही आणि टाकीचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून मागच्या अंगाला, कुणाच्या लक्षात न येता, वाहून जातंय. हे दुसरं कारण फार घरांत सापडतं, कारण ओव्हरफ्लोचं तोंड नेमकं घराच्या मागच्या, कुणी फिरकत नाही अशा बाजूला काढलेलं असतं.

दुसरा भाग टाकीनंतरचा. रात्री झोपताना टाकीत काठी बुडवून पाण्याची पातळी खूण करून ठेवा, रात्रभर कोणीही पाणी वापरायचं नाही, पहाटे पाणी सुटण्याआधी पुन्हा मोजा. पातळी उतरली असेल तर टाकीच्या खालच्या लाईनमध्ये किंवा संडासच्या फ्लशमध्ये गळती आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटं थांबा. फ्लश न करता रंग भांड्यात उतरला तर वायसर गेला आहे. ही गळती दिवसरात्र चालू असते, आणि पाणी सुटलं की टाकी ती भरून काढते. मीटरवर ती टाकी भरण्याच्या रूपानेच दिसते, म्हणून कोणाला संशय येत नाही.

जमिनीखालची गळती आपल्याकडे शोधणं कठीण, कारण जांभ्याची जमीन पाणी पिऊन टाकते आणि वर ओलदेखील दिसत नाही. एप्रिलमध्ये सगळं आवार करपलेलं असताना पाइपाच्या रेषेवर एखाद्या ठिकाणी हिरवं गवत असेल तर तिथे खणा. उघड्यावरून टाकलेले पाइप असतील तर माडाखालचा भाग आधी बघा. नारळ नाहीतर झावळ पडून पाइपाचा सांधा निखळतो. वानरं टाकीचं झाकण आणि पाइप दोन्ही ओढतात, तेही बघा.

नळाला आधी हवा येते, तिने मीटर फिरतो म्हणतात. खरं आहे?

खरं आहे. ठरावीक वेळीच पाणी सुटतं तिथे रिकाम्या लाईनमधली हवा पाण्याच्या पुढे ढकलली जाते आणि ती मीटरचं चक्र फिरवते. उंचावरच्या आणि लाईनच्या टोकाच्या घरांना हा त्रास जास्त. पण नेहमीच्या बिलाच्या पाचपट बिल केवळ हवेने येईल, असं मला वाटत नाही. तक्रारीत हे कारण एकमेव म्हणून लिहू नका, अधिकारी तेवढंच धरून बसतात. पाणी सुटताना मीटर कसा सुसाट फिरतो आणि नळातून नुसता फुसफुस आवाज येतो, याचा व्हिडिओ काढा आणि लाईनवर एअर व्हॉल्व्ह (हवा बाहेर सोडणारी झडप) बसवण्याची मागणी वेगळ्या अर्जात करा. तो बसवणं पाणीपुरवठा करणाऱ्याचं काम आहे, आणि अर्ज चार-पाच घरांनी मिळून केला तर त्याला वजन येतं.

सहा महिने रीडिंग घ्यायला कोणी आलं नाही, आणि आता सगळं एकदम लावलं. हे चालतं का?

वापरलेल्या पाण्याचे पैसे मागण्याचा त्यांना हक्क आहे. पण इथेच सर्वांत जास्त लोकांचं नुकसान होतं आणि ते बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. अनेक ठिकाणी पाण्याचे दर टप्प्यांचे असतात: पहिली काही युनिटं स्वस्त, पुढची महाग. सहा महिन्यांचा वापर एका महिन्याचा म्हणून धरला की जवळजवळ सगळी युनिटं महाग टप्प्यात जाऊन पडतात.

उदाहरणासाठी समजा, महिन्याला पहिल्या 15 युनिटांना 10 रुपये आणि त्यापुढे 20 रुपये दर आहे. तुमचा खरा वापर महिन्याला 14 युनिट. सहा महिन्यांचे 84 युनिट झाले. ते एका महिन्यात धरले तर 15 युनिटांचे 150 आणि उरलेल्या 69 युनिटांचे 1380, मिळून 1530 रुपये. तेच 84 युनिट सहा महिन्यांत विभागले तर दर महिन्याला 140 प्रमाणे 840 रुपये. पाणी तेवढंच, फरक 690 रुपयांचा.

म्हणून अर्जात स्पष्ट मागा: वापर प्रत्यक्ष महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्याला टप्प्यांचा लाभ द्यावा, आणि मधल्या काळात सरासरीने भरलेली बिलं वजा करावीत. ही वजावट राहून गेल्याची उदाहरणं मी बरीच पाहिली आहेत, तेव्हा जुन्या पावत्या जपून ठेवा. रीडिंग आमच्या चुकीने राहिलं नाही, हेही लिहा. आवाराला कुलूप असेल आणि मीटर आत असेल तर मात्र तुमची बाजू थोडी लंगडी पडते.

“घर बंद होता, मगे पाणी खंय गेला?”

गणपती झाले की घराला कुलूप, ते थेट शिमग्याला उघडायचं. अशा घराला मोठं बिल आलं की तीनच शक्यता उरतात. एक, मीटर न वाचता मागच्या वापरावरून सरासरीने बिल काढलं. दोन, मागे कुठेतरी पाइप फुटला आणि बघायला कोणी नव्हतं. तीन, कोणीतरी तुमच्या लाईनवरून पाणी घेतं आहे.

पहिल्या शक्यतेत काम सोपं आहे. घर बंद असल्याचा पुरावा म्हणून त्या महिन्यांची वीजबिलं जोडा. विजेचा वापर शून्याच्या आसपास आणि पाण्याचा चाळीस युनिट, हे दोन कागद शेजारी ठेवले की वेगळं काही बोलावं लागत नाही. किमान आकार मात्र जोडणी चालू आहे तोवर भरावाच लागतो, त्याबद्दल वाद घालू नका. यापुढे गाव सोडताना मीटरपाशी असलेला कॉक बंद करा, आकड्याचा फोटो काढा, आणि घर खूप महिने बंद राहणार असेल तर जोडणी तात्पुरती खंडित करण्याचा अर्ज द्या.

मीटरच बिघडलाय असं वाटतं.

त्याची तपासणी लेखी मागा. तपासणीला शुल्क असेल तर भरून पावती घ्या आणि मीटर काढताना स्वतः हजर राहा. काढतेवेळचं रीडिंग, मीटर नंबर आणि सील शाबूत होतं का, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. नवा मीटर बसवला तर त्याचं सुरुवातीचं रीडिंगही त्याच कागदावर हवं. ते शून्यच असतं असं नाही. मीटर बदलल्यानंतरच्या पहिल्या बिलात जुन्या मीटरचा आकडा आणि नव्याचा आकडा यांची सरमिसळ होते, म्हणून ते बिल डोळ्यांत तेल घालून तपासा.

मीटर स्वतः उघडू नका, सील तोडू नका, मीटर काढून पाइप थेट जोडू नका. तसं केल्यावर तुमची खरी तक्रारही कोणी ऐकून घेत नाही.

तक्रार कुणाकडे द्यायची?

बिलावर वर कुणाचं नाव आहे ते बघा. नगरपरिषद किंवा नगरपंचायत असेल तर अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, पाणीपुरवठा विभागाच्या आवकमध्ये, म्हणजे आलेले अर्ज नोंदवून घेतात त्या टेबलावर. महाराष्ट्र जीवन प्राधिकरण असेल तर त्यांच्या उपविभागीय कार्यालयात उपअभियंत्यांकडे, वर कार्यकारी अभियंता. ग्रामपंचायत असेल तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक). एमआयडीसीच्या लाईनवरची घरं असतील तर त्यांच्या स्थानिक अभियंत्याकडे.

कुणाहीकडे दिलात तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नका. “ठेवून जा, बघतो” असं ऐकून निघालेल्या माणसाकडे पुढे दाखवायला काही राहत नाही. पोच द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

अर्ज कसा लिहायचा?

छोटा. एक पान पुरे. राग पानावर उतरवू नका, आकडे उतरवा. असा:

*प्रति, मा. मुख्याधिकारी, (नगरपरिषदेचं नाव).*
*विषय: ग्राहक क्रमांक ______, दि. ______ च्या पाणी देयकाबाबत हरकत.*
*महोदय, वरील जोडणीचे दि. ______ चे देयक रु. ______ चे मिळाले. देयकावर चालू वाचन ______ नमूद आहे. दि. ______ रोजी मीटरवरील प्रत्यक्ष वाचन ______ असून त्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे. मागील सहा देयकांमधील वापर दरमहा सरासरी ______ युनिट आहे. घरातील जोडणीची तपासणी केली असून गळती आढळलेली नाही. तरी (1) माझ्या उपस्थितीत फेरवाचन करावे, (2) वाचन नोंदवहीतील या जोडणीच्या नोंदीची प्रत मिळावी, (3) देयक दुरुस्त करून मिळावे, (4) निर्णय होईपर्यंत विलंब आकार लावू नये व जोडणी खंडित करू नये, ही विनंती.*

खाली सही, पत्ता, मोबाइल. सोबत बिलाची प्रत, फोटो, जुन्या पावत्या. गळती तपासली नसेल तर ते वाक्य लिहू नका; तपासायला माणूस आला आणि त्याला ओव्हरफ्लो वाहताना दिसला तर सगळा अर्ज खोटा ठरतो.

तोवर बिल भरू की थांबू?

नुसता अर्ज दिला म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, हे ध्यानात ठेवा. माझा सल्ला असा: देय तारखेच्या आत अर्ज द्या आणि नेहमीच्या सरासरीइतकी रक्कम भरून घेण्याची लेखी विनंती करा. ती स्वीकारत नसतील आणि नळ तोडण्याची नोटीस हातात असेल, घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल असेल, तर पूर्ण रक्कम भरा, पण त्याआधी ‘हरकत राखून भरणा करत आहे’ असं पत्र आवकमध्ये द्या. पैसे भरले म्हणजे बिल मान्य केलं, असा अर्थ मग कोणी काढू शकत नाही. नळ एकदा तुटला की पुनर्जोडणीचं शुल्क आणि हेलपाटे वेगळे.

तपासलं आणि गळती माझ्याच घरात निघाली. आता?

मीटरच्या पुढे गेलेलं पाणी सहसा तुमचंच धरलं जातं. तरी गप्प बसू नका. दुरुस्ती लगेच करा, प्लंबरची पावती आणि फुटलेल्या पाइपाचा फोटो जोडा, आणि हप्ते पाडून मिळावेत, विलंब आकार माफ व्हावा अशी विनंती करा. हप्ते बहुधा मिळतात. फुटलेली जागा मीटरच्या अलीकडे, म्हणजे मुख्य लाईनच्या बाजूला असेल तर ते पाणी तुमच्या मीटरवर येऊच शकत नाही.

जोडणी अजून आजोबांच्या नावावर आहे आणि घर सामाईक आहे.

कोकणात हे घरोघरी आहे. राहणारा माणूस तक्रार करू शकतो. सोबत घरपट्टीची पावती आणि जमल्यास इतर हिस्सेदारांचं साधं संमतीपत्र जोडा. नाव बदलाचा अर्ज वेगळा द्या. भावाभावांमधल्या वाटपाचा वाद या अर्जात आणलात तर ऑफिसला फाइल बाजूला ठेवायला कारण मिळतं.

घरगुतीऐवजी व्यापारी दर लावलाय.

दोन खोल्या पर्यटकांना देता, बाहेर पाटी लावली आहे, कुणीतरी ते नोंदवलं असेल. खरंच व्यवसाय असेल तर तेवढ्या भागाला वेगळी जोडणी घेण्याचं गणित मांडून बघा. निवास-न्याहारी योजनेत नोंद असेल तर प्रमाणपत्राची प्रत जोडून लागू दराबद्दल लेखी खुलासा मागा. पाहुणे येणं बंद झालं असेल तर पाहणीची मागणी करा.

आमच्या गावात मीटरच नाहीत, तरी पाणीपट्टी वाढली.

मग हा रीडिंगचा वाद नाही, ठरावाचा आहे. ग्रामपंचायतीची पाणीपट्टी 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली बसवली जाते: सामान्य पाणीपट्टी आणि नळजोडणी असलेल्यांना विशेष पाणीपट्टी. वाढीचा ठराव कधी झाला त्याची प्रत मागा, योजनेचं वीजबिल आणि देखभालीचा खर्च ग्रामसभेत विचारा. आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येतं. पण आधी खर्च बघा. पंपाचं वीजबिल थकून अख्ख्या गावाची योजना बंद पडते, तेव्हा बायकांना पुन्हा डोक्यावर हंडे घेऊन घाटी चढावी लागते. वाढ रास्त असेल तर ती भरावी, असंच माझं मत आहे.

महिना झाला, उत्तर नाही. पुढे काय?

पहिलं पाऊल माहितीचा अधिकार. 2005 च्या कायद्याखाली 10 रुपयांचं शुल्क भरून अर्ज करा आणि नेमकं मागा: माझ्या जोडणीच्या गेल्या दोन वर्षांच्या वाचनांच्या नोंदी, वाचनाच्या तारखा, माझ्या अर्जावर झालेल्या टिपणीची प्रत, दर मंजूर करणाऱ्या ठरावाची प्रत. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. कितीतरी बिलं या अर्जानंतर आपसूक दुरुस्त होतात, कारण नोंदवही शोधायला गेल्यावर त्या महिन्यात कोणी मीटर बघितलाच नव्हता हे ऑफिसलाच कळतं. उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत पहिलं अपील.

शहरी भागात 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाचाही उपयोग होतो. नादुरुस्त मीटरची तक्रार ही नगरपालिकांच्या अधिसूचित सेवांपैकी एक आहे, म्हणजे तिला मुदत आहे आणि मुदत टळली तर वर अपील आहे. ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार टाका. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे अर्ज आगाऊ द्यावा लागतो.

विजेला जसा नियामक आयोग आणि गाऱ्हाणी ऐकणारा मंच आहे, तसा घरगुती पाण्याच्या बिलाला नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण धरणांतल्या घाऊक पाण्याचे दर ठरवतं, तुमचं बिल त्याच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे शेवटचे मार्ग दोन. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन प्रकरण लोक अदालतीत ठेवण्याची विनंती करा. कोर्टात दावा नसला तरी ते ठेवता येतं आणि त्याला खर्च नाही. कायद्याने पाणीपुरवठा ही लोकोपयोगी सेवा आहे, म्हणून जिथे स्थायी लोक अदालत आहे तिथे तिच्याकडेही जाता येतं, आणि तडजोड झाली नाही तर ती निर्णयही देऊ शकते. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत हवी आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पाणीपट्टी हा कर आहे, सेवेचा मोबदला नाही, असा बचाव समोरून येतो. मीटरप्रमाणे बिल असेल तर तुमची बाजू अधिक भक्कम. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून घ्या.

बिल दुरुस्त झालं. आता निश्चिंत?

पुढचं बिल येईपर्यंत नाही. दुरुस्ती पेनने बिलावर केली आणि संगणकात केलीच नाही, की जुनी रक्कम पुढच्या बिलात ‘थकबाकी’ म्हणून व्याजासकट परत येते. दुरुस्तीचा लेखी आदेश किंवा नवं छापील बिल घ्या, जास्तीचे पैसे भरले असतील तर ते पुढच्या बिलात वळते केल्याची नोंद मागा, आणि त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा एक फोटो काढून ठेवा.